बायडीनं बंद केलेला फोन

धसईच्या स्नेहलला बोलायला फक्त समोर कुणीतरी लागायचं. लहान होती तेव्हा भातझोडणीला आलेल्या बायकांच्या घोळक्यात बसून ही शाळेतल्या गोष्टी सांगायची, आणि अशी काही सांगायची, की बायका हातातला भारा हातातच धरून ऐकत राहायच्या. मग तिची आई गोजराबाई खळ्याच्या पलीकडून ओरडायची, "गप गो भवाने! माझं भात झोडायचं पडलंय!" स्नेहल गप्प बसायची, म्हणजे आवाज थोडा खाली आणायची.

ही पोरगी पुढे खूप शिकली. एसटीनं मुरबाड, मुरबाडहून कल्याण, मग मुंबईला विद्यापीठ, आणि शेवटी डॉक्टरेट. विषय कोणता, तर क्वांटम भौतिकशास्त्रातले एकमेकांत गुंतलेले कण. गोजराबाईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "गुंता करायला एवढं शिकायला लागतं व्हय?" आता स्नेहल मुरबाडच्या एका कॉलेजात शिकवते. नवरा जीवन शहापूरकडच्या एका शाळेत गणित शिकवतो. सुट्टीला दोघं धसईला येतात, गोजराबाईच्या हातची तांदळाची भाकरी खातात आणि परत जाताना डबे भरून नेतात.

आता तिचा विषय काय, ते जरा सांगायलाच हवं, नाहीतर पुढं तिच्या तोंडाला काळं कशानं लागलं ते कळायचं नाही. अगदी बारीक कण असतात, प्रकाशाचे म्हणा, अणूतले म्हणा. दोन कण एका ठराविक रीतीनं एकत्र तयार केले, की त्यांची जोडी जमते. मग एक इथं ठेवा आणि दुसरा पार लांब न्या. इथला तपासून जे उत्तर येईल, त्याला जुळणारंच उत्तर तिथला तपासल्यावर येतं. आणि गंमत म्हणजे, तपासेपर्यंत दोघांचंही काहीच ठरलेलं नसतं. काही जोड्या नाण्यासारख्या असतात: छापा नाहीतर काटा, मधलं काही नाही. काही झोपाळ्यासारख्या: झोपाळा ह्या टोकाला, त्या टोकाला, नाहीतर मध्ये कुठंही असू शकतो, त्याला ठरावीक उत्तरं नसतात. स्नेहलचं काम ह्या झोपाळ्यासारख्या जोड्यांवर होतं, प्रकाशाचे दोन झोत घेऊन.

पण नाणं असो की झोपाळा, एक नियम दोघांनाही सारखाच, आणि तो तिनं प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात लिहिला होता. ह्या जोडीतून निरोप जात नाही. तिथल्या कणाला कुणी हात लावला का, त्याचं काय झालं, हे इथल्या कणाकडं कितीही टक लावून बघितलं तरी समजत नाही. जुळणी दिसते ती दोन्हीकडची उत्तरं शेजारी शेजारी ठेवल्यावर, आणि ती उत्तरं आणायला माणूस जावा लागतो, नाहीतर फोन करावा लागतो. एवढं सगळं जिला झोपेतही पाठ, त्या बाईनं काय करावं!

झालं असं, की संक्रांतीनंतर धसईच्या समाजमंदिरात महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं. दरवर्षी कुणीतरी पाहुणी बोलवायची रीत. एकदा डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांनी मीठ कमी खा म्हणून सांगितलं. एकदा पोलीसबाई आल्या. यंदा मंडळाच्या धोंडूबाई म्हणाल्या, "आपल्या गोजराबाईची लेक एवढी शिकली, तिला का नाय बोलवायचं?" झालं, स्नेहलला आमंत्रण गेलं.

तिनं तयारी मनापासून केली होती हो. नाण्याचं सांगितलं, झोपाळ्याचं सांगितलं, तपासल्याशिवाय काही ठरत नाही हेही सांगितलं. पण बायकांचं लक्ष होतं टेबलावर रचून ठेवलेल्या स्टीलच्या डब्यांकडं. ते वाण होतं. पोरं रडत होती. पहिल्या ओळीतली एक बाई तर तोंडाला पदर न लावता उघड उघड जांभई देत होती. स्नेहलला आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. तिच्या समोर माणूस जांभई देतो म्हणजे काय! तिनं हातातलं टिपण बाजूला ठेवलं, आणि ते वाक्य तोंडातून निघून गेलं.

"बायांनो, मला एक सांगा, लेकरू लांब असलं तरी आईला त्याचं कळतं ना? पोटात तुटतं ना? अहो, विज्ञान आता तेच सांगतंय! एकदा जोडी जमली, की अंतर उरत नाही. तिकडं काही झालं, की इकडं कळतं. त्याच क्षणी!"

मग टाळ्या. अशा टाळ्या, की पोरं रडायची थांबली. जांभई देणारी बाई डोळे पुसत होती. पुढं स्नेहलनं अर्धा तास तेच फुलवलं, आणि बायका हरखून गेल्या. कुणीतरी मोबाइलवर ते सगळं उतरवून घेतलं आणि रात्रीपर्यंत वैशाखऱ्यापासून म्हशापर्यंत गावोगावच्या सगळ्या बायकांच्या ग्रुपवर फिरलं.

ह्या कार्यक्रमात एक बाई खुर्चीवर नव्हती. ती मागच्या पडवीत चहाचे ग्लास धूत होती. बायडी तिचं नाव, ओढ्यापलीकडच्या कातकरवाडीतली. नवरा पोश्या जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणजे कुंकवाला बोलवायचा प्रश्न नव्हता, पण चहाला माणूस लागतंच. बायडीनं गोजराबाईच्या शेतावर लावणीपासून झोडणीपर्यंत सगळी कामं केलेली. स्नेहलला तर तिनं कडेवर वागवलेलं, ओढ्यात न्हाऊ घातलेलं. ग्लास धुताना ती दाराशी येऊन उभी राहिली होती आणि एकेक शब्द ऐकत होती. त्या दिवशी खरं लक्ष देऊन ऐकणारी तीच एकटी, असं म्हटलं तरी चालेल.

कार्यक्रम झाल्यावर बायका फोटोसाठी स्नेहलभोवती जमल्या, तेव्हा बायडी ओल्या हातांनी जवळ आली.

"खरं हाय गो बाय ह्ये? तुमच्या त्या यंत्रानं बगितलंय?"

भोवती सगळ्या बायका उभ्या. धोंडूबाई स्नेहलच्या खांद्यावर हात ठेवून. तिथं काय सांगणार ती, की मावशी, थोडं वाढवून बोलले?

"हो मावशी," स्नेहल म्हणाली, "यंत्रानं बघितलंय."

बायडीची एकुलती एक लेक ललिता. दिवाळी झाली की ललिता आणि तिचा नवरा संजू वीटभट्टीवर जायचे, ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. यंदाची भट्टी शहापूरच्या पलीकडं, भातसा नदीच्या काठाला होती, आणि ललिता पोटुशी होती. पहिलटकरीण. संजूचा मोबाइल फुटलेला, त्यामुळं फोन करायचा तो मुकादमाच्या नंबरावर. मुकादम आलेला फोन द्यायचा, पण तिकडून लावायला कुणाला द्यायचा नाही. म्हणून दर बाजाराच्या दिवशी बायडी गोजराबाईकडं यायची आणि अंगणात उभं राहून म्हणायची, "वयनी, जरा फोन लावून देता?" गोजराबाई हातातलं काम टाकून लावून द्यायची, पण कुरकुरत. तिकडं मुकादम आधी चार शिव्या हासडायचा, कामाच्या टायमाला फोन करते म्हणून. मग ललिताला हाक मारायचा. बोलणं व्हायचं ते एवढंच, जेवलीस का, बरी हायस का. दोन्हीकडून बोलणी खाऊन मिळवलेले ते दोन शब्द असायचे.

हळदीकुंकवानंतर बायडी फोनला यायची बंद झाली.

ही गोष्ट गोजराबाईनंच लेकीच्या कानावर घातली. "बायडी हल्ली फोन लावायला नाय येत. बरं झालं बाई, माझं काम खोळंबायचं." स्नेहल ओट्यावर बसली होती, तेवढ्यात बायडी लाकडं घेऊन आली. स्नेहलनं सहज विचारलं, तर बायडीचा चेहरा असा उजळला, की विचारू नका.

"आता फोन कशाला? रोज बोलतंय मी तिच्याशी. भाकर थापून झाली का जरा उगी बसायचं आन् पोटाव हात ठेवायचा. समदं शांत आसतं. मंजे ती बरी हाय. तूच सांगितलंस ना? त्या मेल्या मुकादमाचं तोंड ऐकायला नको, वयनीला तरास नाय."

तिथल्या तिथं सांगायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं: मावशी, तसं नसतं, फोन करत जा. स्नेहलच्या ओठावर ते आलंही होतं. पण बायडी इतकी आनंदात होती, आणि खरं सांगायचं तर स्नेहलही आनंदात होती. आपलं बोलणं कुणाच्या आयुष्यात एवढं शिरलं, हे बघून तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. संध्याकाळी परत जाताना तिनं ते जीवनला कौतुकानं सांगितलं.

जीवन कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "अगं, तिला फोन कर म्हणून सांग. पोरगी पोटुशी आहे."

"सांगते रे. किती खूश आहे बिचारी."

"आणि ते वाक्य खोटं आहे."

"वाक्य खोटं नाही, सोपं केलेलं आहे," स्नेहल फणकाऱ्यानं म्हणाली. "तुझ्या गणितासारखं कोरडं सांगत बसले, तर कोण ऐकणार आहे?"

सांगते म्हणाली, आणि सांगितलं नाही. पुढच्या सुट्टीला विसरली, त्याच्या पुढच्या सुट्टीला धसईला गेलीच नाही, कारण आमंत्रणं यायला लागली होती. म्हशाला बचत गटाच्या बायकांचा मेळावा झाला. मुरबाडला आणखी कुठं. सगळ्यांना तेच हवं असायचं, आईचं आणि लेकराचं. बाईला लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि ती खुशाल वर जाऊन बसली.

फेब्रुवारीत विज्ञान सप्ताहाला शहापूरला मोठा कार्यक्रम झाला. सभागृह भरलेलं, शिक्षक आलेले, पालक आलेले, मागच्या ओळीत जीवनही बसलेला. तिथं स्नेहलनं नवीनच रंग भरला. म्हणाली, "आमच्या धसईच्या वाडीत एक मावशी आहे. शाळेची पायरी चढलेली नाही. तिची मुलगी लांब भट्टीवर कामाला आहे. माझं भाषण ऐकल्यापासून ती मुलीला फोन करत नाही. पोटावर हात ठेवते आणि म्हणते, शांत आहे, म्हणजे लेक बरी आहे. मला सांगा, क्वांटम विज्ञान ह्याहून जास्त कुणाला कळलंय?"

लोक उभे राहिले. खोटं नाही सांगत, उभे राहून टाळ्या वाजवल्या. जीवन बसून होता. ते बघून स्नेहलला वाटलं, ह्याला बायकोचं कौतुक बघवत नाही.

मग शिमगा आला. भट्ट्यांवरची माणसं शिमग्याला घरी येतात, मुकादमानं काहीही म्हटलं तरी येतात. होळीच्या सकाळी स्नेहल आणि जीवन धसईला पोचले, तर गोजराबाई पुरण वाटायचं सोडून ओट्यावर बसलेली.

"बायडीची ललिता आली गो," ती म्हणाली. "रिकामी आली."

स्नेहल तशीच निघाली. कातकरवाडीत पोरं होळीसाठी लाकडं गोळा करत होती, ढोल वाजत होता. बायडीच्या घरात ललिता गोधडीवर पडलेली. तोंड अजून सुजलेलं. छातीला फडकं घट्ट बांधलेलं, आणि तेही ओलं झालेलं. स्नेहलला ते बघवेना. ती दाराशीच टेकली. संजूनं बाहेर येऊन सगळं सांगितलं, मान वर न करता.

ललिताचे पाय सुजायला लागले होते. मग डोकं दुखायचं, डोळ्यांपुढं अंधारी यायची. मुकादमाला सांगितलं, तर म्हणाला, शिमग्याला जाल तेव्हा दाखवा घरी. "ती आयच्या फोनाची वाट बगायची, ताय. बाजाराच्या दिशी मुकादमाच्या खोलीकडं जाऊन बसायची. बोलायची, आय फोन करंल, मंग मी सांगन, मना घेऊन जा. आय आली का मुकादम काय करतंय. आयचा फोनच नाय आला." शेवटी तिला झटके आले. संजूनं विटांच्या गाडीत घालून तिला शहापूरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या लोकांनी ललिताला वाचवलं. बाळ पोटातच गेलेलं होतं.

"कधी?" स्नेहलनं विचारलं. विचारताना तिला उत्तर माहीत असल्यासारखं वाटत होतं.

संजूनं वार सांगितला. तो तिच्या भाषणाचा दिवस होता. तिकडं ही पोरगी विटांच्या गाडीत तडफडत होती, आणि त्याच गावात स्नेहल तिच्याच आईची गोष्ट सांगून टाळ्या घेत होती. धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात ना, ते स्नेहलला त्या दाराशी अगदी शब्दशः वाटलं. ढोलाचा आवाज नकोसा झाला. पळून जावं, एसटीत बसावं आणि ह्या वाडीचं तोंड पुन्हा बघू नये, असंही वाटलं, आणि तसं वाटल्याची आणखी लाज वाटली.

बायडी घरामागं चुलीशी बसली होती. स्नेहल जाऊन शेजारी बसली. तिला वाटलं होतं, बायडी आता आपल्याला शिव्या घालेल, ऊठ म्हणेल. तसं झालं असतं तर किती बरं झालं असतं! बायडी चुलीकडं बघत हळूच म्हणाली, "मना नाय कळलं गो."

"मावशी..."

"त्या दिशी मी बाजारात व्हते. हसत व्हते कायतरी बोलून. पोटात एक कळ नाय आली. रोज हात ठेवायचे, समदं शांत. तू सांगितलंस का आयला कळतं. समद्या आयांना कळतं. मनाच नाय कळलं. मंजे मीच आय कमी पडले. माझीच जोडी लागली नाय पोरीशी."

स्नेहलला आधी काही उमजलंच नाही. मग उमजलं. विज्ञान खोटं नसतं, स्नेहल खोटं बोलत नाही, मग खोटी कोण? बायडी. हा हिशोब बायडीनं एकटीनं चुलीपुढं बसून मांडला होता, आणि त्यात तिनं सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं.

"मावशी, ऐक माझं. मी खोटं बोलले. कुणालाच असं कळत नाही. यंत्रानं असं काही बघितलेलं नाही."

बायडीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "ऱ्हाऊ दे. तू माझं मन राखतेस. लहानपनापासून मायाळू हायस."

"नाही गं मावशी, खरंच सांगते."

"तवा तू माईकवर बोल्लीस. येवढ्या बायांम्होरं, गावाम्होरं. खोटं कोन बोलंल माईकवर? आता हितं चुलीपाशी बोलतेस ते माझ्यासाठी बोलतेस. मना समजतंय."

खोटं सभेत बोलली होती, म्हणून ते खरं ठरलं. खरं चुलीपाशी बोलली, म्हणून ती समजूत ठरली. स्नेहलनं आणखी दोनदा सांगून बघितलं. आतून ललितानं क्षीण आवाजात हाक मारली, "आये, उगी ऱ्हा गो. तिना जाऊ दे." ललिताच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि स्नेहल उठून निघाली.

पुढचे दिवस तिनं काय काय केलं! ललितासाठी गोळ्या नेल्या, खारका नेल्या, तूप नेलं, संजूला जुना मोबाइल दिला. धोंडूबाईंना सांगून ग्रुपवरचा व्हिडिओ काढून टाकायला लावला. देणं सोपं असतं, पुसणंही सोपं असतं. प्रत्येक वेळी वाडीतून परत येताना तिला थोडं हलकं वाटायचं आणि ओढा ओलांडेपर्यंत ते हलकेपण जायचं. कारण प्रत्येक वेळी बायडी हात जोडून तेच म्हणायची, "माझ्या चुकीपायी तुना तरास."

एका संध्याकाळी तिनं जीवनला सगळं सांगितलं. तो तिला जवळ घेईल, तुझा हेतू वाईट नव्हता म्हणेल, अशी तिला आशा होती. तो म्हणाला, "मग माईकवरच सांग."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील ते म्हणतील," जीवन म्हणाला आणि उत्तरपत्रिका तपासायला बसला.

महिला दिनाचा कार्यक्रम त्याच समाजमंदिरात होता. धोंडूबाईंनी आधीच फोन करून बजावलं होतं, "तेवढं आईचं बोला हां मॅडम, बाकीचं शास्त्र नको." स्नेहल सकाळीच वाडीत गेली आणि बायडीला म्हणाली, चल. बायडी नको नको म्हणाली. चहाला माणूस पाहिजे म्हटल्यावर आली. आली ती पडवीकडं निघाली. स्नेहलनं तिचा हात धरून पुढं आणलं, तर खुर्चीवर बसेना. भिंतीशी खाली बसली, पाय पोटाशी घेऊन.

स्नेहल माईकपुढं उभी राहिली.

"मागं मी इथं बोलले, की आईला लेकराचं लांबून कळतं, हे विज्ञानानं सिद्ध केलंय. ते खोटं होतं. चुकून बोलले नव्हते. मला माहीत होतं, आणि तरी बोलले, कारण तुम्ही जांभया देत होता आणि मला टाळ्या हव्या होत्या."

बायका हसल्या. त्यांना वाटलं, मॅडमची गंमत, आता पुढं काहीतरी रंगणार. स्नेहल हसली नाही. हळूहळू बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. धोंडूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "अहो मॅडम, चांगल्या दिवशी कशाला असलं काढता?"

"काढू द्या धोंडूबाई," स्नेहल म्हणाली. ती माईक हातात घेऊन खाली उतरली आणि बायडीच्या समोर फरशीवर बसली. पर्समधून दोन नाणी काढली. एक बायडीला दिलं, एक स्वतःच्या मुठीत ठेवलं.

"मावशी, धर की ही नाणी त्या कणांसारखी जोडीची आहेत. तुझ्याकडं छापा पडला, की माझ्याकडंही छापाच. उडव."

बायडीनं घाबरत नाणं उडवलं. छापा पडला.

"म्हणजे माझाही छापा. एवढं खरं आहे, हे यंत्रानं बघितलंय. पण समज, आता मी पडले. मला लागलं. रक्त आलं. तुझ्या नाण्यावर ते दिसतंय का?"

बायडीनं नाणं जवळ घेतलं. ह्या बाजूनं बघितलं, उलटून त्या बाजूनं बघितलं.

"नाय," ती म्हणाली.

"दिसणारच नाही. नाण्याला तेवढंच येतं. माझं काय झालं ते कळायला तुला मला हाक मारावी लागेल. नाहीतर उठून यावं लागेल. दुसरी वाट नाही. तुला नाही, मला नाही, इथं बसलेल्या एकाही आईला नाही. शिकलेल्या बाईलाही नाही."

"मंजे कुनालाच नाय कळत?"

"कुणालाच नाही. तू कमी पडली नाहीस मावशी."

मग बायडीनं पोटाशी घेतलेले पाय लांब केले. तिला पटलं होतं. स्नेहलच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि बघा हं, मेली सवय कशी असते, त्याही क्षणी तिच्या मनात येऊन गेलं, की किती छान समजावलं आपण.

तेवढ्यात बायडी म्हणाली, "मंग मी फोन बंद नसता केला तर?"

माईक स्नेहलच्या हातात तसाच चालू होता. प्रश्न सगळ्यांनी ऐकला. सांगता येत नाही, हे उत्तर तिच्याकडं तयार होतं. ते डॉक्टरांच्या म्हणण्यालाही धरून होतं, शास्त्रालाही धरून होतं, आणि त्याच्या आड लपायला जागाही भरपूर होती. स्नेहलनं बायकांत बसलेल्या गोजराबाईकडं बघितलं. गोजराबाईनं मान खाली घातली.

"तर तुला कळलं असतं," स्नेहल म्हणाली. "ललितानं तुला सांगितलं असतं, आणि तू तिला आणायला गेली असतीस. फोन तू माझ्यामुळं बंद केलास. आणि बंद केलास हे मला कळलं होतं. तरी मी गप्प बसले. गप्प कसली, शहापूरला जाऊन तुझीच गोष्ट सांगितली आणि टाळ्या घेतल्या."

बायडी तिच्याकडं बघत राहिली. त्या नजरेत आता माया नव्हती. स्नेहलनं नजर खाली घातली नाही, म्हणजे घालायची फार इच्छा होती, पण घातली नाही.

"पोरगी व्हती," बायडी म्हणाली.

तिनं नाणं फरशीवर ठेवलं आणि उठून ग्लास धुवायला पडवीत गेली. बाळ मुलगा होता की मुलगी, हे स्नेहलनं इतक्या दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं.